श्रेणिका नावाची साइट

"बसलाय म्हणून लिहिलंय इथं!" अण्णांनी टेबलावर हात आपटला, तसा माझा कप बशीतल्या बशीत नाचला. "कॉम्प्रेसर बसलाय म्हणून हिरवी खूण केलीय! मग तासगावचा माणूस मला फोन करून का ओरडतोय? कुठं आहे कॉम्प्रेसर?"

साइट बघणारे शिंत्रे चपलेकडं बघत म्हणाले, "मिरजेच्या नाक्यावर, अण्णा."

"नाक्यावर काय करतोय?"

"ट्रकात हाय."

"मग बसलाय कसा?"

"ट्रकात बसलाय की."

मी पदर तोंडाला लावला. श्रेणिकानं मान खाली घालून नकाशात नाक खुपसलं. अण्णांचा चेहरा असा झाला होता की हसलो असतो तर दोघींची नोकरी गेली असती. तिची तर घरातलीच नोकरी, पण तीही गेली असती.

अण्णा मगदूम म्हणजे आमचे मालक. कुपवाडच्या एमआयडीसीत आमचं ऑफिस आणि ऑफिसच्या मागच्या दारानं गेलं की त्यांचं घर. आम्ही बेदाण्याची शीतगृहं उभी करून द्यायचो. श्रेणिका ही त्यांची एकुलती एक लेक. इंजिनिअर झाली आणि थेट ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर येऊन बसली. आणि मी, मंदाकिनी बेडगे. माझं काम काय, तर लोकांच्या मागं लागणं. पत्रे आले का, वायरिंग झालं का, का नाही झालं, मग कधी होणार, असं दिवसभर फोनवर विचारत राहायचं. माझा आवाज आला की माणसं फोन बायकोच्या हातात द्यायची.

आता आमच्या ऑफिसची एक खोड सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्यात काम कुणाला तरी सांगितलं की ते झालं असं धरायची रीत होती. 'झालंच समजा' म्हणायचं आणि बोर्डावर हिरवी खूण करून मोकळं व्हायचं. बोर्ड म्हणजे कॉम्प्युटरवरचा. प्रत्येक साइटच्या प्रत्येक कामाची त्यावर एक चिठ्ठी, कुणी करायचं, कधी करायचं, कशाच्या आधी करायचं ते त्यावर लिहिलेलं, आणि एका चिठ्ठीतून दुसऱ्या चिठ्ठीकडं बाण. बोर्ड कायम हिरवागार. साइटवर बघावं तर नुसते खांब उभे. मला मात्र कुणाचं 'झालंच समजा' किती खरं ते पाठ होतं, म्हणून इतकी वर्षं गाडं चाललं होतं. खुद्द अण्णा काय कमी नव्हते. संध्याकाळी चहा पिता पिता फोन काढायचे आणि स्वतःच्या नावच्या सगळ्या चिठ्ठ्यांवर एका दमात हिरव्या खुणा करत सुटायचे. वाचायचं बिचायचं काही नाही.

पण कॉम्प्रेसरच्या प्रकरणानं अण्णा पेटले. त्यांनी पुण्याहून भाच्याला बोलावून घेतलं.

तेजपाल आला तो पाठीवर पिशवी आणि कानात बोंडं घालून. दोन दिवस कॉम्प्युटरसमोर मांडी ठोकून बसला आणि मग आम्हाला गोळा केलं.

"मामा, आपल्या बोर्डाला एक एआय एजंट जोडलाय," तो म्हणाला. "हा चिठ्ठ्या स्वतः वाचतो. ज्याचं काम त्याला मेसेज करतो. एक काम झालं की पुढच्या माणसाला आपणहून उठवतो, अडलं की कशामुळं अडलं ते सगळ्यांना कळवतो. मध्ये माणूस नको."

"म्हणजे बेडगेबाईंचं काम," अण्णा म्हणाले.

"बेडगेबाई शिव्या पण देतात," शिंत्रे म्हणाले. "ह्याला येतात का?"

"हा फक्त विनंती करतो. पण थकत नाही."

अण्णांना ते फार आवडलं. त्यांनी तिथल्या तिथं त्याचं बारसं केलं, 'कारभारी'. मी आजवर घरी नवऱ्याला सोडून कुणाला कारभारी म्हटलेलं नव्हतं, पण पगार घेणाऱ्याला आवडनिवड कुठली?

"आता नियम ऐका," अण्णा उभे राहिले. त्यांना उभं राहून बोलायला आवडायचं. "काम करणारा 'झालं' म्हणाला तर कारभाऱ्यानं विश्वास ठेवायचा नाही. ज्याच्यासाठी काम केलंय, त्यानं 'झालं' म्हटलं पाहिजे. तोवर पुढचं एकही काम हलवायचं नाही. कुणीही सांगितलं तरी."

"तुम्ही सांगितलंत तरी?" तेजपालनं विचारलं.

"मी सांगितलं तरी! मी काय आकाशातून पडलोय? आणि हे बघ, कुणी गुपचूप नियम काढायला गेलं तर तेही सगळ्यांना कळव म्हणावं त्याला. लाज वाटल्याशिवाय ही माणसं सुधारायची नाहीत."

तेजपालनं तसं घातलं. आणि खरंच सांगते, जादू झाली. शिंत्रे 'पत्रे बसवले' म्हणून खूण करायचे, की गिऱ्हाइकाला मेसेज जायचा: 'पत्रे बसविण्याचे काम पूर्ण झाल्याची नोंद श्री. शिंत्रे यांनी केली आहे. हे खरे आहे का?' खाली दोन बटणं, हो आणि नाही. गिऱ्हाईक 'नाही' दाबायचं. मग चिठ्ठी पुन्हा लाल, आणि पत्र्यांवाचून ज्यांची कामं अडली त्या सगळ्यांना, वायरमनपासून रंगाऱ्यापर्यंत, कारभारी अगदी अदबीनं कळवायचा की शिंत्र्यांचे पत्रे बसलेले नाहीत. शिंत्र्यांची रोज अब्रू निघायची. शेवटी बिचारे पत्रे बसवून मगच खूण करायला लागले. अण्णा तर हवेतच. येईल त्याला कारभारी दाखवायचे.

त्याच दिवसांत श्रेणिकाचं लग्न ठरलं.

ठरलं म्हणजे अण्णांनी ठरवलं. निपाणीचे हुक्केरी, तंबाखूचे मोठे व्यापारी, मुलगा अजित. बघायचा कार्यक्रम झाला, पोहे झाले, दोन्हीकडच्या थोरल्या माणसांनी माना हलवल्या आणि अण्णा पेढे घेऊन ऑफिसात आले. श्रेणिका माझ्या शेजारी बसली होती. तिच्याही हातावर पेढा ठेवला त्यांनी, जणू लग्न दुसऱ्याच कुणाचं आहे.

"आपण शीतगृहं उभी करतो," अण्णा म्हणाले, "लग्न काय अवघड आहे? घाला बोर्डावर!"

अगं बाई, आणि खरंच घातलं की. तशी मालकाच्या घरची कामं ऑफिसनंच करायची ही आमच्याकडची चालच होती. वहिनींचं, म्हणजे अण्णांच्या बायकोचं, मिक्सरचं भांडं दुरुस्त करून आणणंसुद्धा माझ्याच यादीत असायचं. बोर्डावर नवी साइट उघडली गेली. साइटचं नाव: श्रेणिका. कार्यालय, आचारी, पत्रिका, बँड, पाहुण्यांच्या गाड्या, सगळ्याच्या चिठ्ठ्या झाल्या. सगळ्यांचे नंबर घातले, हुक्केरींचासुद्धा, कारण वऱ्हाडाच्या उतरण्याची चिठ्ठी त्यांच्याशी जोडलेली होती.

"मामा, गिऱ्हाईक म्हणून कुणाचं नाव घालू?" तेजपालनं पुण्याहून फोनवर विचारलं. "हे सगळं काम कुणासाठी?"

"कुणासाठी म्हणजे?" अण्णा म्हणाले. "पोरीसाठीच की सगळं!"

तेजपालनं पोरीचं नाव आणि नंबर घातला.

झालं, दुसऱ्या दिवसापासून श्रेणिकाच्या फोनवर मेसेज सुरू. 'कार्यालय ठरविण्याचे काम पूर्ण झाल्याची नोंद आहे. हे खरे आहे का?' ती हो दाबायची. 'आचाऱ्याशी बोलणे झाल्याची नोंद आहे.' हो. तोंडावर ना हसू ना राग. तासगावची साइट तिची पहिली, तिनं एकटीनं आखलेली. पूर्वी तिथून आली की भिंतीत गारवा धरणारा जाड थर कसा भरला ते मला हातवारे करून सांगायची, मला कळत नसलं तरी. आता येऊन गप्प बसायची.

"तुला नकोय का हे लग्न?" मी एकदा विचारलं.

"माहीत नाही, मंदाताई."

"माहीत नाही म्हणजे?"

"मला कुणी विचारलंच नाही. विचारलं तर मी विचार करीन ना, हवंय का नको ते? हुक्केरींच्या घरी सांगितलं, लग्नानंतर सुनेनं साइटवर जायचं नाही. अण्णांनी मान हलवली. मग मी कशाला विचार करत बसू?"

"मग तू बोल की अण्णांशी."

ती नुसती हसली. अण्णांशी बोलणं म्हणजे काय ते मला माहीत होतं. आमच्यासमोर कितीही हसले तरी घरात त्यांच्या शब्दाला दुसरा शब्द लागत नसे. पोरगी तापानं फणफणली असली तरी 'बरी आहे' म्हणायची. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढी हुशार पोर, तिची पहिली साइट अजून थंडसुद्धा झाली नाही आणि तिला निपाणीच्या वाड्यात पाहुण्यांना सरबत द्यायला बसवणार.

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्या बोर्डावर एक नवी चिठ्ठी आली. सगळ्या चिठ्ठ्यांच्या आधी, अगदी वरती. तिच्यातून बाण सुटले होते ते पत्रिका, आचारी, बँड, कार्यालय, झाडून सगळ्यांकडं. चिठ्ठीवर एवढंच लिहिलं होतं: 'मुलीला विचारणे'. काम कुणाचं? अण्णासाहेब मगदूम यांचं.

कुणी टाकली ते आत्ता विचारू नका.

अण्णांनी संध्याकाळी चहा घेतला, फोन काढला आणि नेहमीसारख्या स्वतःच्या नावच्या चिठ्ठ्यांवर टिचक्या मारल्या. पाहुण्यांना तारीख कळवणे, झालं. बँडवाल्याशी बोलणे, झालं. मुलीला विचारणे, झालं. आणि उठून चुळा भरायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी श्रेणिकाचा फोन वाजला. तिनं बघितलं, आणि फोन माझ्यापुढं धरला.

'नमस्कार. "मुलीला विचारणे" हे काम पूर्ण झाल्याची नोंद श्री. अण्णासाहेब मगदूम यांनी केली आहे. हे खरे आहे का?'

"मंदाताई, हे मला विचारतंय?"

"तुझंच नाव आहे ना त्याच्यावर?"

"मग मी काय दाबू?"

"विचारलं असेल तर हो दाब, नसेल तर नाही दाब. त्यात काय अवघड आहे? तुझ्या लग्नाबद्दल तुझं मत नाही विचारत आहे तो, विचारलं का एवढंच विचारतोय."

ती त्या दोन बटणांकडं बघत राहिली. बापासमोर उभं राहून 'नाही' म्हणायचं तिला जन्मात जमलं नसतं. पण हे एक बटण होतं, आणि प्रश्न अगदी साधा होता. खोटं बोलायची तिला सवय नव्हती.

तिनं 'नाही' दाबलं.

आणि बघा मग गंमत! पहिला फोन नेमगोंडा आचाऱ्याचा, थेट मला. "बेडगेबाई, तुमच्या कारभाऱ्याचा मेसेज आलाय." आणि त्यानं वाचूनच दाखवला: "'कळविण्यात येते की, मुलीला विचारणे हे काम अपूर्ण असल्याने आपले बुंदीचे लाडू हे काम तूर्त थांबविण्यात येत आहे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.' हे काय हो? पोरीला अजून विचारलं न्हाई व्हय?"

मी 'बघते' म्हणून ठेवते न ठेवते तोच कार्यालयाचा मॅनेजर. त्याच्या मागून छापखाना. बँडवाल्यानं तर हुबेहूब सनईच्या सुरात विचारलं, "बाई, वाजवायचं का न्हाई?" गाडीवाल्याच्या ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांना कळलं होतं की मगदुमांनी मुलीला विचारायचं राहिलंय. शिंत्रे साइटवरून आले ते हसू दाबतच. "कारभाऱ्यानं आज मला सोडून दुसऱ्याला धरलं होय," म्हणाले, आणि खुर्ची ओढून पुढं काय होतंय ते बघायला बसले. मी त्यांना काम सांगून बाहेर पिटाळलं. जाता जाता त्यांनी चारदा मागं वळून बघितलं.

सकाळीच बाहेर गेलेले अण्णा आले ते तांबडेलाल होऊन. वाटेत पेट्रोल पंपावरच्या माणसानंही त्यांना विचारलं होतं.

"बेडगेबाई! कुणी टाकली ही चिठ्ठी?"

मी कॉम्प्युटर त्यांच्याकडं फिरवला. चिठ्ठी टाकणार: अण्णासाहेब मगदूम. झालं म्हणणार: अण्णासाहेब मगदूम.

"मी? मी कधी टाकली?"

"तुमच्याच फोनवरून आलीय, अण्णा."

"तेजपालला लाव फोन!"

लावला. स्पीकरवर टाकला.

"तेजपाल, तो नियम काढून टाक!"

"काढतो की मामा. पण काढला की कारभारी सगळ्यांना कळवणार, मामांनी मुलीला न विचारता नियम काढला म्हणून. तुम्हीच घालायला लावलं होतं ते."

"मग त्या कारभाऱ्यालाच काढ!"

"काढता येईल. पण लोकांना गेलेले मेसेज परत कसे आणू?"

अण्णांनी रागारागानं फोन बंद केला. तेवढ्यात त्यांच्या खिशातला वाजला. निपाणी. हुक्केरींचा आवाज इतका मोठा की स्पीकरची गरजच नव्हती.

"मगदूमसाहेब, आमच्याकडं कसला तरी मेसेज आलाय. मुलीला विचारलेलं नाही म्हणून वऱ्हाडाचं उतरणं थांबवलंय म्हणे."

"कॉम्प्युटरची चूक आहे हो, हुक्केरीसाहेब!"

"चूक ना? मला वाटलंच. म्हणजे विचारलंय तुम्ही मुलीला."

अण्णांनी तोंड उघडलं. समोर श्रेणिका उभी होती, हातात पेन्सिल. ती बघत होती. इतकी वर्षं मी अण्णांना ओळखते. गिऱ्हाइकाला, ठेकेदाराला, वेळ पडली तर साहेब लोकांनाही ते बिनदिक्कत थापा मारायचे. पण त्या वेळी त्यांना थाप मारवेना.

"मी... मी जरा नंतर फोन करतो," ते म्हणाले.

मागचं दार वाजलं आणि वहिनी चहाचा ट्रे घेऊन आत आल्या. ऑफिसात यायच्या त्या फक्त चहा घेऊन, आणि ट्रे ठेवला की परत जायच्या. आज ट्रे ठेवला आणि तिथंच उभ्या राहिल्या.

"चिठ्ठी मी टाकली," त्या म्हणाल्या.

"तू?" अण्णा बघतच राहिले. "तुला येतं ते?"

"बेडगेबाईंनी शिकवलं."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी बशीत चहा ओतून घेतला आणि फुंकर मारायला लागले. आता सांगायला हरकत नाही. एके दुपारी वहिनी अण्णांचा फोन घेऊन माझ्याकडं आल्या होत्या, अण्णा आत घोरत पडले होते. चिठ्ठी कशी टाकतात एवढंच त्यांनी विचारलं. ती मी दाखवली. मग म्हणाल्या, हीच आधी झाल्याशिवाय बाकी काही होऊ नये असं करता येतं का? मी म्हटलं, येतं की, असे बाण जोडायचे. आणि एक एक करून सगळे बाण मीच जोडून दिले. मला फार मजा आली, खोटं कशाला सांगू?

"तुला काही म्हणायचं होतं तर मला म्हणायचंस!" अण्णा ओरडले.

"म्हटलं होतं," वहिनींचा आवाज चढला नाही. "पाहुणे बघून गेले त्या दिवशी म्हटलं, पोरीला विचारा. साड्या घ्यायला गेलो तेव्हा म्हटलं. तुम्ही म्हणालात, हो हो, विचारलंच समज. तुमच्या ऑफिसात म्हणे असं आता चालत नाही. म्हणून ऑफिसात आले."

अण्णा खुर्चीत बसले. मग पुन्हा उठले. मग श्रेणिकाच्या टेबलासमोर जी गिऱ्हाइकाची खुर्ची होती, तिच्यात जाऊन बसले. माझी उठून जायची वेळ होती, मला कळत होतं. पण तुम्ही असता तर उठला असतात का?

"श्रेणिका," अण्णा म्हणाले, आणि थांबले. घसा खाकरला. "ते हुक्केरींचं... म्हणजे अजित मुलगा चांगला आहे. घर चांगलं आहे."

"होय, अण्णा."

"तर ते... तुला..." त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. "तुला ते हवंय का?"

"तुम्ही मला विचारताय?"

"होय की. विचारतोय."

तिला घाई नव्हती. पेन्सिल टेबलावर ठेवली, नकाशा बाजूला सारला. मी चहा पिणंही थांबवलं.

"नको, अण्णा," ती म्हणाली. "अजित वाईट नाहीत. पण त्यांच्या घरी मला सांगितलं, साइटवर जायचं नाही. तुम्ही तिथंच बसला होता. तुम्हीच मला शिकवलंत सगळं, खांब कुठं घ्यायचा, थर किती भरायचा. आणि तुम्ही मान हलवलीत. मला लग्नापेक्षा ते जास्त लागलं."

अण्णांनी तोंड फिरवलं. खिडकीबाहेर बघत बसले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते कुणाला दिसू नये म्हणून ते खिडकीबाहेरच्या भिंतीकडं डोळे फाडून बघत होते. मला पहिल्यांदाच त्यांची दया आली.

"बरं," ते म्हणाले. "नको तर नको."

वहिनींनी ट्रे उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. त्यांना काय करावं कळेना.

तेवढ्यात श्रेणिकाचा फोन वाजला. कारभारी सकाळपासून वाट बघतच होता. '"मुलीला विचारणे" हे काम आता पूर्ण झाले आहे का?' श्रेणिकानं नाक पुसलं, हसली आणि हो दाबलं.

"दाबलंस कशाला?" मी म्हटलं.

"विचारलं ना अण्णांनी? खोटं कसं सांगू?"

बोर्डावर सगळ्यात वरची चिठ्ठी हिरवी झाली. आणि मग तिच्या बाणांवरून हिरवं पळत सुटलं. पत्रिका छापणे, सुरू. कार्यालय, पक्कं. बँड, पक्का. मला घाम फुटला. फोन घणघणला, नेमगोंडा.

"बेडगेबाई, अडचण मिटली म्हणे! अभिनंदन! बेसन उतरवून घेतो मग!"

"अरे थांब! थांब!" अण्णा कॉम्प्युटरवर ओरडले, जणू तो ऐकतोय. "नको म्हणालीय ती! तेजपाल! तेजपालला लाव!"

"मामा," तेजपाल सगळं ऐकून शांतपणे म्हणाला, "त्याला विचारण्याची चिठ्ठी दिली होती. विचारून झालं, त्यानं पुढची कामं सोडली. ती काय म्हणाली ते त्याला कुठं सांगितलं होतं?"

"म्हणजे? मुलगी नको म्हणाली तरी लग्न लावणार हा?"

"विचारलं ना, झालं तर मग."

वहिनी कॉम्प्युटरकडं बघत म्हणाल्या, "अगदी आपल्या घरातलाच आहे हो हा."

मी हसले. श्रेणिकाही हसली, रडता रडता. अण्णांना हसावं की चिडावं कळेना.

"मामा, मी इथून थांबवतो सगळं," तेजपाल म्हणाला. "सगळ्यांना मेसेज जाईल. कारण काय घालू?"

"नको," अण्णा म्हणाले. "मेसेज पुष्कळ झाले. आण तो फोन इकडं, मी सांगतो एकेकाला."

पहिला फोन छापखान्याला. "ते पत्रिकेचं जरा थांबवा," अण्णा हळू आवाजात म्हणाले. "थोडी अडचण आहे. घरगुती." पलीकडच्यानं काय अडचण विचारलं तर अण्णांनी 'बोलू नंतर' करून ठेवून दिला आणि चोरट्या नजरेनं लेकीकडं बघितलं. ती बघतच होती.

दुसरा नेमगोंडाला. "बेसन नको उतरवू, बाबा. पोरगी नको म्हणतीय." आवाज थोडा वर आला.

कार्यालयाच्या मॅनेजरला सांगताना ते खुर्चीत सरळ बसले. "मी विचारलं. ती नको म्हणाली. संपला विषय."

आणि बँडवाल्याची वेळ येईपर्यंत तर काय विचारता! "म्हणजे?" अण्णा त्याच्यावरच खेकसले. "विचारायला नको? लग्न कुणाचं आहे, माझं का तिचं?" जणू हा माणूस जन्मभर घरात प्रत्येकाला विचारूनच पाऊल टाकत होता. वहिनींनी कपाळाला हात लावला.

शेवटी निपाणी राहिली. अण्णांनी पाणी प्यायलं, टोपी सारखी केली आणि फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला, सगळ्यांनी ऐकावं म्हणूनच.

"हुक्केरीसाहेब, सकाळी तुम्ही विचारलं होतं ना, मुलीला विचारलंय का? तेव्हा नव्हतं विचारलं. आत्ता विचारलं."

"बरं. मग काय म्हणाली?"

"नको म्हणाली."

हुक्केरींचा आवाज कडक झाला. "मगदूमसाहेब, ठरलेलं लग्न आहे. आम्ही पाहुण्यारावळ्यांत सांगून बसलोय. असं मुलीच्या एका शब्दावर मोडतं का लग्न?"

"तिच्याच शब्दावर लागणार होतं ना?" अण्णा म्हणाले. मग थोडे थांबले, आणि त्यांच्या डोळ्यांत अशी काही चमक आली की मी ओळखलं, आता हा माणूस काहीतरी बोलणार. "तुम्ही एक सांगा. अजितला तुम्ही विचारलंय का?"

पलीकडं फोन कुठंतरी लाकडावर ठेवल्यासारखा खट्ट वाजला. लांबून, आतल्या खोलीच्या दिशेनं, हुक्केरींची हाक ऐकू आली.

"अजित! ए अजित! अरे, जरा इकडं ये बघू."

आम्ही चौघंही फोनवर वाकलो.